जत्रेतली माशी कुठून येते

सुट्टीत चार घटका करमणुकीला म्हणून घराबाहेर पडलेल्या माणसाच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या फारशा बदललेल्या नाहीत. जिलेबीवर माश्या घोंगावत होत्या, रात्री डासांनी फोडून काढले, पोराच्या हातातला घास कावळ्याने पळवला आणि रेटारेटी इतकी की देव धड दिसला नाही की पाळण्यात धड बसायला मिळाले नाही. यावरचे आपले उत्तरही ठरलेले असते. माशी आहे ती बसणारच, पाखरू आहे ते झडप घालणारच, आणि आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाहीच. म्हणजे दोष किड्याचा, पाखराचा आणि माणसाच्या स्वभावाचा. इंद्रायणीकाठचा, त्यातही देहू आणि आळंदी यांच्या मधे वसलेल्या चिखलीच्या परिसराचा इतिहास नीट पाहिला, तर हे उत्तर टिकत नाही असे माझे म्हणणे आहे. माशी, पाखरू आणि झुंबड ही तीन निरनिराळी संकटे नाहीत. जागा तयार न करता माणसे बोलावली की तिन्ही एकाच वाटेने येतात, आणि ती वाट कशी बंद करायची हे या मुलखाला अर्धेमुर्धे का होईना, फार पूर्वीच कळले होते.

चिखलीला आज लोक ओळखतात ते उद्योगनगरीचे एक उपनगर म्हणून. १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी ती शेतीवाडीचे गाव होती. ‘टाळगाव चिखली’ हे तिचे जुने नाव अजून पुसले गेलेले नाही. तुकोबांच्या टाळांशी जोडलेली आख्यायिका गावात आजही सांगतात, आणि महापालिकेने इथे उभ्या केलेल्या संतपीठालाही तुकोबांचेच नाव आहे. अशा गावात ‘फिरायला जाणे’ या शब्दांचा अर्थ दोन-तीन पिढ्यांपूर्वी काय होता? फाल्गुनात बीजेला देहूला जायचे, कार्तिकात आळंदीला जायचे, आणि चैत्र-वैशाखात आपल्या किंवा पाहुण्यांच्या गावची यात्रा गाठायची. यात्रेत बैलगाड्यांचा घाट, रात्री तमाशाचा फड, दिवसा पाळणे, चक्री, पिपाण्या, रेवड्या, गोडीशेव, भेळ. निगडीच्या दुर्गा टेकडीपाशी अप्पू घर झाले, पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले, आणि तिकिटाच्या करमणुकीची सवय लागली. पण भिंत नसलेले, तिकीट नसलेले खरे करमणूक उद्यान म्हणजे जत्राच होती. म्हणून आजच्या उद्यानातल्या कटकटींचा इतिहास शोधायचा तर तो जत्रेच्या मैदानातच शोधावा लागतो.

माशीपासून सुरुवात करू, कारण सगळा वाद तिच्यापाशी स्वच्छ होतो. घरमाशी शेणात, विष्ठेत, कुजलेल्या उष्ट्यात अंडी घालते. उन्हाळ्यात अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. गावची यात्रा असते दोन दिवसांची, फार तर तीन. मग हिशेब सोपा आहे. यात्रेत मिठाईवर बसणारी माशी यात्रेत जन्मलेली असूच शकत नाही. ती आठवडाभर आधी गावाच्याच उकिरड्यावर, गोठ्यामागे, ओढ्याकाठी वाढलेली असते. मिठाईची पाले लागली की ती तिकडे वळते, एवढेच. आणि यात्रेकरू मागे टाकून जातात त्या घाणीतून जी पैदास होते ती यात्रेकरूला नव्हे, गावालाच आठवड्याभराने भोगावी लागते. ‘बाहेरच्या लोकांनी येऊन घाण केली’ आणि ‘या गावात माश्याच फार’ अशा दोन्हीकडून ऐकू येणाऱ्या तक्रारी इथे एकमेकींची उत्तरे होऊन बसतात. माशी यात्रेआधीची कामे न झाल्याची खूण आहे, आणि यात्रेनंतरची कामे झाली नाहीत तर ती पुन्हा दिसते.

एकेकाळी ही खूण नुसती कटकट नव्हती. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची गावेच्या गावे हलवली. १८१७ मध्ये बंगालातून निघालेली साथ पुढच्याच वर्षी दख्खनेत पोचली, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे आषाढी-कार्तिकी आणि पटकी यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. गावोगावी मरीआईचे ठाणे होतेच. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, मग त्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. या प्रथेत भाबडेपणा आहे, पण एक अचूक निरीक्षणही आहे: रोग रस्त्याने, माणसांबरोबर, एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर जातो. कशातून जातो हे तेवढे गावाला ठाऊक नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवले, आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला. म्हणजे रोग गर्दीत नव्हता. गर्दी पीत होती त्या पाण्यात होता.

सरकारने मात्र दीर्घकाळ गर्दीलाच रोग मानले. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला युरोपीय देशांची आरोग्य परिषद भरली, आणि तिथे हिंदुस्थानातल्या तीर्थयात्रांवर पटकीच्या प्रसाराचा ठपका ठेवला गेला. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोगांचा कायदा आला आणि प्रवाशांना कुठेही थांबवून तपासण्याचा अधिकार अंमलदारांना मिळाला. त्या वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्या आणि २२ जूनला रँडवर झालेला प्राणघातक हल्ला हा इतिहास मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. इथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. याच काळात रेल्वे यात्रेकरूंची संख्या वाढवत होती. कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९०६ मध्ये पंढरपूरला पोचला. एका हाताने तिकिटे विकून माणसे आणायची, दुसऱ्या हाताने ती माणसेच धोकादायक म्हणून अडवायची, आणि ज्या पाण्याने ती मरत होती त्या पाण्यावर, संडासांवर, निचऱ्यावर मात्र खर्च तोकडा करायचा, असा तो कारभार होता. गर्दीला दोष देणे स्वस्त पडते. जागा तयार करणे महाग पडते. ही सवय परक्या सरकारबरोबर गेली असती तर बरे झाले असते.

यावर कोणी म्हणेल की गर्दी खरोखरच बेभान असते, तिला आवरावेच लागते. या आक्षेपाचे उत्तर चिखलीच्या दोन्ही अंगांना, एका बाजूला देहूत आणि दुसऱ्या बाजूला आळंदीत, दर ज्येष्ठात मिळते. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा आजचा सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतरावबाबा आरफळकरांनी लावून दिला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार होते. फौज कशी हलवायची, तळ कसा टाकायचा, हजारो माणसे पहाटे एका वेळी कशी उठवायची याची जाण त्यांना होती, आणि ती त्यांनी भक्तीच्या कामी लावली. रथापुढच्या दिंड्या किती आणि रथामागच्या किती, कोणती दिंडी कोणत्या क्रमांकावर, हे ठरलेले. दिंडीत पताकावाले पुढे, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळशी-हंडे घेतलेल्या बाया. पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला तयार होऊन दिंडीत येणे, तिसऱ्याला चालू लागणे. लाखांच्या जमावाला हलवायला एक वाद्य पुरते.

त्याहून मोलाची गोष्ट संध्याकाळी तळावर घडते. समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदार हातातला चोप उंच करतात. क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा करतात. मग हरवले-सापडलेले पुकारले जाते, दुसऱ्या दिवसाची निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. जगातल्या कुठल्याही करमणूक उद्यानाच्या चालकाने अभ्यासावी अशी ही रीत आहे. गर्दीत माणूस हुल्लड करतो तो बहुधा आपले म्हणणे कोणाला ऐकू जाणार नाही या खात्रीने. इथे म्हणणे मांडायची वेळ ठरलेली आहे, पद्धत ठरलेली आहे आणि ऐकणारा माणूस ठरलेला आहे. रिंगणाच्या वेळीही तेच दिसते. अश्व दौडायचा म्हणून मधले मैदान मोकळे राहते, आणि ते मोकळे ठेवतात ती माणसे स्वतःच, कारण कोणी कुठे उभे राहायचे हे प्रत्येकाला आधीपासून माहीत असते. ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य उच्चारणाऱ्याने आधी हा तळ पाहावा. गर्दीत ज्याला आपली जागा ठाऊक असते त्याला दुसऱ्याला ढकलण्याचे कारण उरत नाही. आणि २०२३ मध्ये आळंदीत प्रस्थानाच्या वेळी पोलीस आणि काही वारकरी यांच्यात झटापट झाली, तीदेखील देवळात आत कोणी किती जायचे या अरुंद दारापाशीच झाली, वाटेवर नव्हे. मोकळ्या रस्त्यावर लाखांनी पाळलेली रीत दाराच्या चौकटीत शेकड्यांना पाळता येत नाही, यात माणसांपेक्षा चौकटीचा वाटा मोठा आहे.

आता खरा अवघड प्रश्न. वारी इतकी शिस्तीची होती, तर तिच्यात पटकी का शिरली? हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. कारण असे की कर्णा माणसाला हलवतो, पाण्याला नाही. चोपदाराचा चोप टाळ थांबवतो, माशी थांबवत नाही. परंपरेने माणसामाणसांमधले नाते लावून दिले. पण वाळवंटातल्या विष्ठेचे काय करायचे, नदीचे पाणी कोणत्या जागी प्यायचे आणि कोणत्या जागी अंग धुवायचे, लाख माणसांना संडास कुठून आणायचे, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. ते कोणाही एका फडाच्या किंवा दिंडीच्या आवाक्यातले नव्हते, कारण ते सार्वजनिक बांधकामाचे काम होते. पुढे यात्रेकरूंना पटकीची लस टोचणे सुरू झाले, पाण्यात औषध टाकणे सुरू झाले, आणि साथी ओसरल्या. म्हणजे परंपरा आणि बांधकाम या दोहोंपैकी एकच पुरते असे म्हणणारे दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर आहेत.

हे दोन्ही एकत्र ज्यांना दिसले ते गाडगेबाबा. १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीने घर सोडल्यावर पहिली मोठी सेवा केली ती ऋणमोचनच्या यात्रेत. पूर्णेच्या काठी चिखलात घसरणाऱ्या लोकांसाठी वाट करणे, मैदान झाडणे हे त्यांचे काम, आणि १९०८ च्या सुमारास त्यांनी तिथे नदीला घाट बांधवून घेतला. पुढे आयुष्यभर रीत तीच: गावात गेले की आधी झाडू, रात्री कीर्तन. हा क्रम त्यांच्या चरित्रातला एक गोड तपशील म्हणून आपण सांगतो, पण त्यात विचार आहे. शंभर माणसे कीर्तनाला बसणार ती जागा दिवसा झाडून काढली नाही तर रात्रीचे शब्द वाया जातात हे त्यांना कळले होते. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, कारण यात्रेकरूला रात्री टेकायला जागा मिळाली तर तो नदीकाठी उघड्यावर पडत नाही, आणि उघड्यावर पडला नाही तर घाण आणि माशी दोन्ही निम्म्याने कमी होतात. जत्रेतल्या पशुबळींविरुद्धही ते बोलले. त्यांची दया मोठी होती यात शंका नाही. पण मांसाचे तुकडे आणि रक्त पडलेल्या मैदानात माश्या, कुत्री आणि घारी कशा जमतात हे जत्रा झाडणाऱ्या माणसाला इतर कोणापेक्षाही जास्त माहीत होते. २००० च्या सुमारास राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, हे योग्यच झाले.

पाखरांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, पण ती सुरू होते तुकोबांपासून. महिपतींनी सांगितलेली आख्यायिका अशी की एका शेतकऱ्याने तुकोबांना पीक राखायला माळ्यावर बसवले, आणि त्यांनी पाखरांना हाकललेच नाही. शेतकऱ्याने तक्रार केली. मोजदाद झाली तेव्हा धान्य उलट जास्त भरले. ही श्रद्धेची कथा आहे आणि तिचे शेतीशास्त्र करण्यात अर्थ नाही. मात्र तिच्यात पाखराला शत्रू न मानणारी एक नजर आहे, आणि ती या काठावरची आहे. व्यवहारातही पाखराला गोफणीने हाकलून भागत नाही. चिखलीला लागूनच मोशीचा कचरा डेपो आहे. १९९० च्या दशकापासून शहराचा कचरा तिथे साठत गेला, आणि कचरा तिथे घारी, कावळे, बगळे हे गणित कोणालाही दिसते. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला देशातल्या विमान नियमांनी बंदी घातली आहे ती याचसाठी. पक्षी मारा असे तो नियम सांगत नाही, त्यांचे ताट उचला असे सांगतो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत वाद पेटला, तेव्हाही मुळाशी होते ते माणसाने टाकलेले दाणे. जत्रेत पोराच्या हातातला घास पळवणारा कावळा हा त्या मैदानावर आधीच टाकलेल्या शंभर घासांवर सरावलेला असतो.

आता भिंतीआडच्या उद्यानांकडे वळू. सगळे म्हणतात की तिथे सारे कसे आखीव असते. ते आखीवपण जन्मापासूनचे नाही. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले तो दिवस फजितीचा म्हणून प्रसिद्ध आहे. खोट्या पासांवर हजारो जण आत शिरले, अठ्ठावीस हजारांची गर्दी झाली, प्यायच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते आणि नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. अमेरिकन माणूस जन्मतः रांगेत उभा राहतो असे मानणाऱ्यांनी हा दिवस ध्यानात ठेवावा. तिथल्या चालकांनी धडा घेतला तो माणसे बदलण्याचा नव्हे, जागा बदलण्याचा. पुढे फ्लोरिडाच्या दलदलीत १९७१ मध्ये त्यांचे दुसरे, कितीतरी मोठे उद्यान उघडले. तिथली जमीन आणि पाणी आखण्यासाठी त्यांनी नेमले होते जो पॉटर या लष्करी अभियंत्याला, जे आधी पनामा कालव्याच्या प्रदेशाचे गव्हर्नर होते. या निवडीमागे एक साखळी आहे, आणि तिचे पहिले टोक आपल्याकडे आहे. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्या ज्ञानावर आणि क्यूबातल्या पीतज्वराच्या संशोधनावर विसंबून अमेरिकन लष्करी डॉक्टर गॉर्गस यांनी १९०४ पासून पनामात साचलेले पाणी शोधून काढून ते उपसले, बुजवले, तेलाने झाकले, आणि म्हणून तो कालवा पुरा होऊ शकला. फ्लोरिडाच्या उद्यानात कालवे खणून पाणी सतत वाहते ठेवले गेले. आजही तिथे जागोजागी कोंबड्या पाळतात आणि त्यांचे रक्त तपासून डासांमधल्या रोगाचा माग काढतात. पाहुण्याला डास दिसत नाही यामागे हे काम आहे.

इथे एक सरळ आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अशा उद्यानाला भिंत आहे, तिकीट आहे, पैसा आहे. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत तो आत येत नाही. जत्रेला हे माप लावणे अन्यायाचे नाही का? असते, जर वारी नसती. वारीला तिकीट नाही, भिंत नाही, आणि तरी तिच्यात क्रम आहे. अलीकडच्या काळात तिला बांधकामाचीही जोड मिळू लागली. पंढरपुरात हाताने मैला वाहावा लागतो या लाजिरवाण्या प्रकाराविरुद्धची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली, वाळवंटात तंबू ठोकण्यावर निर्बंध आले, आणि नदीपलीकडच्या ६५ एकरांत वारकऱ्यांसाठी पाणी, संडास, राहुट्यांची सोय झाली. २०१५ च्या सुमारास ‘निर्मल वारी’ सुरू होऊन पालखीतळांवर फिरते संडास येऊ लागले. सुरुवातीला श्रद्धेत ढवळाढवळ होते अशी कुरबुर झाली. आज तळावरची माय-बहीण पहाटेच्या अंधाराची वाट पाहत बसत नाही, आणि तिने त्यासाठी एक रुपयाचे तिकीट काढलेले नाही. व्यवस्था विकतच घ्यावी लागते असे नाही. कोणीतरी ती आपले काम मानावी लागते.

ती कोणी आपले काम मानली नाही की काय होते हे मांढरदेवीने दाखवले. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. काळूबाईच्या गडावर जाणारी वाट अरुंद आणि चढाची, दोन्ही बाजूंना दुकाने. देवीपुढे फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, माणसे घसरली, त्यांच्यावर मागचा लोट आला, पाठोपाठ दुकानांना आग लागून सिलिंडर फुटले. सुमारे तीनशे जीव गेले. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा त्या नारळाच्या पाण्यात आहे. तेच गोड पाणी आणि त्याच करवंट्या माश्या बोलावतात. त्याच पाण्यावर पाय घसरतो. माशी दिसत होती तेव्हाच ती वाट धोक्याची झाली होती. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि आता त्या यात्रेत नारळ फोडणे, तेल वाहणे, पशुबळी यांवर बंदी असते. देवी तीच आहे, भक्त तेच आहेत, यात्रा दरवर्षी भरते. बंदोबस्ताने यात्रेचा आनंद मरतो असे म्हणणाऱ्यांना याहून दुसरे उत्तर द्यायची गरज नाही. बैलगाड्यांच्या बाबतीतही तेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, आणि मे २०२२ मध्ये चिखलीच्या जाधववाडीत प्रचंड गर्दीत शर्यत झाली. नियम आले म्हणून घाट ओस पडला नाही.

पण इंद्रायणीवर वर, मावळात, १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल वर्षासहलीला आलेल्या माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. धोक्याचा फलक तिथे होता. दुसऱ्या दिवशी बोलले गेले ते लोकांच्या बेफिकिरीबद्दल, सेल्फीबद्दल. बेफिकिरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पर्यटनस्थळ म्हणून नावारूपाला आलेल्या जागी दर रविवारी माणूस येणार हे ठाऊक असताना तिथे एक फलक आणि एक गंजका पूल एवढेच ठेवणे, ही १८६६ सालची विचारसरणी आहे.

डासांचा आणि माश्यांचा बंदोबस्त आपण अजून बहुतेक धुराने आणि फवाऱ्याने करतो. पालखी येणार म्हटले की आदल्या दिवशी धुराची गाडी फिरते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने माश्या संपतील असे जगाला वाटले होते, आणि १९४० च्या दशकातच डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या युरोपात सापडल्या. फवारणी निरर्थक आहे असे नाही; साथीच्या दिवसांत ती लागते. पण ती गाडी परत गेल्यावर नाला तोच असतो. चिखलीपुरते बोलायचे तर कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची गोदामे होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने ती मोठ्या प्रमाणावर पाडली. भंगारातल्या टायर-पिंपांत साचलेल्या पावसाच्या पाण्यावर डेंगीचा डास वाढतो, सांडपाण्यावर फोफावलेल्या जलपर्णीखाली दुसरा डास वाढतो. दर उन्हाळ्यात इंद्रायणी आणि पवनेतली जलपर्णी यंत्रांनी काढली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती परत येते, कारण तिला पोसणारे सांडपाणी थांबलेले नसते.

या सगळ्यात चिखलीच्या लोकांनी एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून पाहावी अशी माझी विनंती आहे. नदी देहूहून येते, तळवडे, चिखली, मोशी अशी उतरते आणि मग आळंदीच्या घाटाला लागते. कार्तिकात तिथे स्नानाला उतरणाऱ्या माणसाच्या अंगाला नदीवरचा पांढरा फेस लागतो, तो आळंदीत तयार झालेला नसतो. यात्रेच्या आदल्या दिवशी आळंदीत धूर सोडायच्या कितीतरी आधी, आपल्या वस्तीतला कोणता नाला प्रक्रिया न होता नदीत उतरतो ते शोधा, आणि तो बंद होईपर्यंत महापालिकेच्या दारातून हलू नका.